फिक्सीचा कॉग लॉकरिंग घट्ट असूनही सुटतोय, डोकं आउट झालंय

अर्धीपेडल
मंडळी, जरा मदत करा. माझी फिक्सी आहे, म्हणजे फ्रीव्हील नसलेली, चाक फिरलं की पेडल फिरणारच अशी. पुढच्या चेनरिंगला ४६ दाते, मागच्या दातेरी चक्राला म्हणजे कॉगला १६ (त्याच्या बाहेरून आवळून बसते ती रिंग म्हणजे लॉकरिंग), क्रँक म्हणजे पेडलचा दांडा १६५ मिमीचा, माझं वजन ७२. पुढचा ब्रेक लावलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच येतील.

दोन आठवडे झाले, पाय मागे दाबला की मागून "टक" असा आवाज यायचा. वाटलं चेन सैल आहे, चाक मागे ओढून चेन ताणली. मग वाटलं चेनरिंगचे बोल्ट असतील, ते आवळले. मग पेडल बदलून बघितली (मित्राची ढापून). टक चालूच. रविवारी सकाळी चांदणी चौकाकडून कोथरूडला उतरत होतो, सिग्नलला स्किड मारायला, म्हणजे पाय मागे रोखून मागचं चाक घसरवत थांबायला, गेलो तर पाय एकदम मोकळेच फिरले, जवळजवळ पाव फेरी, काही रेझिस्टन्सच नाही, आणि मग खाडकन अडकले. पुढचा ब्रेक नसता तर समोरच्या टेम्पोच्या फाळक्यावर "हॉर्न ओके प्लीज" अगदी जवळून वाचायला मिळालं असतं.

घरी येऊन बघतो तर कॉग हाताने हलतोय. पण लॉकरिंग दगडासारखं घट्ट! दुकानातल्या दादाने आधी दोनदा छिन्नी-हातोडीने ठोकून आवळलं होतं, त्याच्या खाचा पार चपट्या झाल्यात. ग्रीस काढलं तर काळपट-राखाडी लापशी, आणि उन्हात धरली तर चमचम करतेय. हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) कुठल्याच कंपनीचं नाव नाही, सेकंडहँड चाक आहे.

प्रश्न एवढाच की लॉकटाइट (आटे चिकटवायचा गोंद) लावू की नवीन चाक घेऊ? आणि लॉकरिंग सुटलं नसताना कॉग सुटतोच कसा, हे मला खरंच झेपत नाहीये.

सरळमुद्दा
फ्रीव्हील लाव. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शोध लागलाय त्याचा. विषय संपला.

घाटवेडी
@सरळमुद्दा आला का तू, म्हटलं अजून कसा नाही.

@अर्धीपेडल अरे ती चमचम म्हणजे तुझ्या हबचे आटे आहेत. अॅल्युमिनियम. सायकल चालवू नकोस, आज तर अजिबात नको. माझं गेल्या वर्षी असंच झालं होतं आणि मी पण आठवडाभर "बघू नंतर" करत बसले. बोपदेव घाट चढताना, उतरताना नाही हां, चढताना, उभं राहून पेडल मारतेय आणि एकदम पायाखालचं सगळं गेलं, पेडल पुढे फिरतायत आणि चाक जागेवर. खाली उतरून बघितलं तर कॉग हबवर नुसता गरगर फिरतोय, आणि आट्यांच्या जागी अॅल्युमिनियमची बारीक तार निघालेली, सोऱ्यातून चकली पडावी तशी गोल गोल. ती तार अजून ठेवलीय मी. कोंढव्यापर्यंत चालत आले, क्लीटवाले म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालून.

लेथमास्तर
मी फिक्सी चालवत नाही, पण आटे पाडण्यात तीस वर्षं गेली, भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. हा प्रश्न सायकलचा कमी आणि आट्यांचा जास्त आहे म्हणून लिहितो.

आधी कॉग. त्याला सरळ आटे असतात. पुढे पेडल मारलं की चेन कॉगला आवळायच्याच दिशेने ओढते, म्हणजे तू जितका जोर लावशील तितका तो आत जाऊन हबच्या खांद्याला, म्हणजे आट्यांमागच्या भिंतीला, चिकटणार. पाय मागे दाबला की तीच चेन त्याला उघडायला बघते. म्हणून त्याच्या बाहेरून लॉकरिंग, आणि त्याला उलटे आटे. सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे, टेबलफॅनच्या पात्याच्या बोंडाला असतात तसे. आता कॉग उघडायला लागला की तो लॉकरिंगला घासून स्वतःबरोबर फिरवायला बघतो, पण तीच दिशा लॉकरिंगची आवळायची दिशा! म्हणजे चोराने दार ढकललं की कडी आणखी घट्ट बसणार. फार हुशारीचं काम आहे, ज्याने केलं त्याला नमस्कार.

पण एक अट आहे. लॉकरिंग कॉगला टेकलेलं पाहिजे. टेकलंच नसेल तर त्याला कळणार कसं की कॉग सुटतोय म्हणून?

आता आकडा बघ. हे आटे इंचाला २४ असतात, म्हणजे एका पूर्ण फेरीत कॉग १.०६ मिमी सरकतो. तू म्हणतोस पेडल पाव फेरी मोकळं फिरलं. पुढे ४६ मागे १६, म्हणजे क्रँक ९० अंश फिरला की कॉग साधारण २६० अंश फिरणार. २६० भागिले ३६०, गुणिले १.०६, येतात ०.७६. म्हणजे तुझ्या कॉग आणि लॉकरिंगमध्ये पाऊण मिलिमीटरची फट आहे. न बघता सांगतोय. व्हर्नियर असेल तर मोज आणि मला खोटं पाड.

अर्धीपेडल
काका काय सांगताय! पण फट असेल तर लॉकरिंग इतकं घट्ट कसं? मी हुक पान्यावर पाईप घालून लटकलो होतो, हललं नाही.

लेथमास्तर
घट्ट आहेच की, पण कशावर घट्ट आहे ते बघ. हबवर दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, कॉगची, १.३७ इंच. बाहेरची लहान, लॉकरिंगची, बहुतेक हबवर १.२९ इंच. दोन्हीच्या मध्ये एक कड असते. कॉगची जाडी आतल्या पायरीच्या लांबीपेक्षा कमी असेल तर कॉग पूर्ण आत बसल्यावर मोठे आटे त्याच्या बाहेर थोडे डोकावत राहतात. मग तू लॉकरिंग फिरवलंस की ते जाऊन त्या कडेवर टेकणार. हाताला वाटतं व्वा काय घट्ट बसलं. कॉगला त्याने शिवलेलंसुद्धा नसतं. झाकण बरणीच्या गळ्यावर अडलंय आणि तू म्हणतोस लोणचं हवाबंद आहे.

एक सोपी टेस्ट सांगतो. कॉगच्या बाहेरच्या तोंडावर परमनंट मार्करने रंग लाव, सगळीकडून. लॉकरिंग नेहमीच्या जोराने आवळ, परत काढ. खरं टेकत असेल तर रंग गोल घासलेला दिसेल. रंग जसाच्या तसा असेल तर उत्तर मिळालं.

स्प्री_किनारी
बर्लिनहून लिहितेय. लेथमास्तरांनी सांगितलं ते बरोबरच, पण @अर्धीपेडल तुझं चाक सेकंडहँड आहे म्हणून आणखी एक शक्यता तपासून घे. सगळ्या ट्रॅक हबचे (म्हणजे फिक्सीच्या हबचे) आटे एकसारखे नसतात. मी इथे भंगार बाजारात एक जुनं इटालियन हब घेतलं होतं, दिसायला इतकं सुंदर की भाव पण केला नाही. इटालियन लॉकरिंगचा साइज १.३२ इंच, नेहमीचा १.२९. मी उत्साहात दोन्हीची अदलाबदल करून बसले. मोठं लॉकरिंग लहान आट्यांवर चढतं सुद्धा, नुसतं लडबडत, आणि आवळायला गेलं की आट्यांवरून घसरतं. कॉगच्या बाबतीत तर आणखी फसवं, इटालियन ३५ मिमी आणि नेहमीचा ३४.८, डोळ्याला फरक दिसतच नाही. इटालियन कॉग नेहमीच्या हबवर मस्त सहज फिरत जातो आणि आपण खूष. नको तितका सहज जात असेल तर शंका घ्यायची. जुन्या फ्रेंच हबचं तर वेगळंच, तिथे आट्यांचं अंतर बरोबर १ मिमी, दोन फेऱ्या जातो आणि मग चावतो, तेव्हा जोर लावलास तर दोन्ही गेले.

आणि हो, इथे जर्मनीत दोन स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत, रस्त्यावर ब्रेकशिवाय फिक्सी चालवणारे पकडले जातात. तू एक तरी लावलायस, शहाणा आहेस.

चिल्लर_पार्टी
मला एक सांगा, माझ्याकडे साध्या सायकलचं फ्रीव्हीलवालं हब आहे, त्याच्यावर कॉग पण बसतो कारण आटे तेच १.३७. त्यावर बॉटम ब्रॅकेटचं (क्रँकच्या बेअरिंगचं) लॉकरिंग लावून वर लाल लॉकटाइट ओतलं की झालं ना? यूट्यूबवर बघितलं. चारशे रुपयात फिक्सी.

घाटवेडी
याला बाहेर सुसाइड हब म्हणतात. नावातच सगळं आलं.

लेथमास्तर
@चिल्लर_पार्टी बाळा, बॉटम ब्रॅकेटच्या लॉकरिंगचे आटे १.३७ आणि २४ हे खरं, बसतं ते खरं. पण ते सरळ आटे आहेत, कॉगच्याच दिशेचे. कॉग उघडायला लागला की तो लॉकरिंगला घेऊनच बाहेर निघणार, दोघे हातात हात घालून. वर म्हटलेली कडी इथे नाहीच. दोन नट एकमेकांवर आवळून जेवढं घर्षण मिळेल तेवढंच.

लॉकटाइटचं म्हणशील तर ती वस्तू चांगली आहे, मी रोज वापरतो. पण ती नीट बसणाऱ्या, स्वच्छ, तेल नसलेल्या आट्यांसाठी आहे. खाल्लेल्या आट्यांत ती ओतणं म्हणजे पडक्या भिंतीला डिस्टेंपर. आणि लाल एकदा पक्की झाली की काढायला अडीचशे डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं. स्पोक लावलेल्या चाकावर, शेजारी बेअरिंगचं ग्रीस असताना, बर्नर घेऊन बसणार का?

चिल्लर_पार्टी
पण व्हिडिओतला माणूस दोन वर्षं चालवतोय म्हणे.

सरळमुद्दा
तिसऱ्या वर्षीचा व्हिडिओ अजून आला नाहीये.

जुना_ट्रॅकवाला
मी या धाग्यात जरा उशिरा आलो. बालेवाडीला १९९४ च्या नॅशनल गेम्सच्या वेळी व्हेलोड्रोम (सायकल शर्यतीचा कलता गोल ट्रॅक) झाला, त्यानंतर काही वर्षं तिथे प्रॅक्टिस केली आहे. आमच्यात काही जण लॉकरिंग लावतच नसत, रेसच्या आधी कॉग बदलायला सोपं पडतं म्हणून. ऐकून धक्का बसेल पण कॉग सुटल्याचं मी तिथे पाहिलेलं नाही. कारण ट्रॅकवर कोणी स्किड मारत नाही. रेस संपली की ट्रॅकच्या कलत्या उतारावर वर जायचं, हळूहळू वेग मरू द्यायचा, मागे दाब द्यायचा तो अगदी लोण्यासारखा. आणि स्टँडिंग स्टार्टला, म्हणजे उभ्या जागेवरून निघताना, जो जोर लागतो तो सगळा पुढच्या दिशेने, त्याने कॉग असा बसतो की काढताना चेन-व्हिपवर (कॉग काढायच्या पान्यावर) दोन माणसं लागायची. तुम्ही पोरं रस्त्यावर जे करता, पाच मिनिटात दहा वेळा पुढे-मागे, पुढे-मागे, त्यासाठी ही वस्तू जन्माला आलेलीच नाही. रस्त्यावर लॉकरिंग पाहिजेच, आणि ब्रेकही.

अर्धीपेडल
मंडळी! अपडेट!

लॉकरिंग काढलं (छिन्नीच्या कृपेने खाचा गेल्यामुळे दीड तास). ताईचं नेलपॉलिश घेतलं कारण मार्कर वाळला होता. कॉगच्या तोंडावर लाल रंग लावला, वाळू दिला, लॉकरिंग जीव खाऊन आवळलं, परत काढलं. रंगाला ओरखडा नाही!! एक सुद्धा नाही. आणि हबच्या कडेवर मात्र गोल चकचकीत पट्टा, म्हणजे गेले सहा महिने ते तिथेच टेकतंय.

कॉलेजच्या लॅबमधून व्हर्नियर आणला. कॉगची आट्यांची जाडी ५.९ मिमी, हबची मोठी पायरी ६.६ मिमी. काका, ०.७!! तुम्ही न बघता ०.७६ म्हणालात. पाय कुठे आहेत तुमचे.

आता एकच कळत नाही, ही फट पहिल्या दिवसापासून होती तर सहा महिने काही झालं कसं नाही?

लेथमास्तर
पाय भोसरीतच आहेत, सेफ्टी शूजमध्ये. व्हर्नियर परत कर आधी.

सहा महिन्यांचं उत्तर जुन्या ट्रॅकवाल्यांनी दिलंच आहे. तुझे ७० किलो एका पेडलवर पडले तर क्रँकवर साधारण ११५ न्यूटन-मीटर, ते ४६-१६ ने भागलं की हबवर ४० उरतात. चढावर उभा राहून मारलंस की त्याच्याही वर. म्हणजे प्रत्येक चढावर तूच कॉग आवळत होतास, पाना न घेता. हलका दाब मागे दिला तर तो सुटत नव्हता, नुसत्या घर्षणावर टिकला होता. मग एक दिवस मोठा स्किड मारलास आणि तो पहिल्यांदा हलला, केसभर. तिथून टक सुरू झालं. एकदा हलायला लागला की संपलं, कारण प्रत्येक वेळी मागे जाऊन आपटतो, पुढे येऊन आपटतो, कॉग पोलादाचा आणि हब अॅल्युमिनियमचं, झिजणार कोण?

आणखी एक. हे आटे काही गोल फिरवून तुटत नाहीत, ओढून तुटतात. ४० न्यूटन-मीटरने आवळलेला कॉग खांद्याला किती जोराने दाबतो माहितीये? ढोबळ हिशोब करतो, ग्रीस लावलेले आटे धरून, पाच-साडेपाचशे किलोचा जोर निघतो, सगळा त्या पाच-साडेपाच आट्यांवर. आटे भरलेले असतील तर सहज झेलतात. अर्धे झिजून सुरीच्या धारेसारखे झाले असतील तर एक दिवस सगळे एकदम कातरले जातात. घाटवेडीची चकली ती हीच. म्हणून ती चढावर निघाली, उतारावर नाही.

तुझे आटे कसे आहेत ते सांग. रॉकेल आणि जुना टूथब्रश, चांगलं घास, आणि टोकं बघ. चपटी, रुंद दिसतायत की धारदार?

अर्धीपेडल
बाहेरचे दोन धारदार वाटतायत, नखाला लागतायत. आतले चार ठीक आहेत, टोकं चपटी आहेत. कॉग हाताने चढवला तर सुरुवातीला थोडा लडबडतो पण दीड फेरीनंतर नीट धरतो.

लेथमास्तर
मग हब वाचेल. जुना कॉग फेकून दे, त्याचेही आटे खाल्ले असतील. नवा कॉग घेताना व्हर्नियर घेऊन जा आणि आट्यांची जाडी ६.६ पेक्षा जास्त असलेलाच घे, ७ च्या पुढचा मिळाला तर उत्तम. पत्र्यातून ठोकून काढलेले ३ मिमीवाले घेऊ नकोस, त्यात जेमतेम तीन आटे मिळतात.

आणि जाड नाहीच मिळाला तर कॉग आणि लॉकरिंगच्या मध्ये वॉशर. आतलं भोक ३५.२, म्हणजे मोठ्या आट्यांवरून सहज जाईल, जाडी १ मिमी. कॉगच्या आत, खांद्याच्या बाजूला नको, बाहेरच टाकायचं, नाहीतर आतले चांगले आटे वाया जातील आणि तू त्या धारदार दोनांवर बसशील. बाजारात शोधत बसू नकोस, शनिवारी ये, पोलादाच्या तुकड्यातून काढून देतो, पाच मिनिटांचं काम.

स्प्री_किनारी
बसवताना घाई करू नकोस रे. आटे स्वच्छ, थोडं ग्रीस (हो ग्रीसच, कोरडं पोलाद अॅल्युमिनियमवर चावतं आणि मग आयुष्यात निघत नाही). कॉग हाताने शेवटपर्यंत. मग आवळायला रोटाफिक्स कर. म्हणजे चेन चेनरिंगवरून काढायची, बॉटम ब्रॅकेटच्या नळीला जाड फडका गुंडाळायचा, चेन कॉगवर ठेवून दुसरीकडून त्या नळीभोवती अशी घ्यायची की ती स्वतःवरच अडकेल, आणि मग अख्खं चाक धरून उलट्या दिशेने फिरवायचं, म्हणजे सायकल मागे जाताना फिरतं तसं. चाकच तुझा पाना, केवढा लांब दांडा! चाक सरळ दिशेला फिरवलंस तर याच युक्तीने कॉग निघतो. कार्बन फ्रेमवर करू नये, फडका विसरलास तर रंग गेला.

मग लॉकरिंग. मग एक चढ. मग परत लॉकरिंग. हा शेवटचा "परत" सगळे विसरतात, चढावर कॉग आणखी किंचित आत बसतो आणि लॉकरिंग मागे राहतं.

जुना_ट्रॅकवाला
किंचित म्हणजे किती, ते वरच्या हिशोबाने काढा. ०.१ मिमी म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी फट, त्यात कॉग ३४ अंश मोकळा.

घाटवेडी
मी हब गेल्यावर वैतागून सहा बोल्टवाला कॉग घेतला, डिस्क ब्रेकच्या हबवर रोटरच्या म्हणजे ब्रेकच्या चकतीच्या जागी बसतो तो. चाक उलटं लावायचं म्हणजे डिस्कची बाजू उजवीकडे येते. आटे नाहीत, लॉकरिंग नाही, सहा बोल्ट आणि झोप शांत. चेन पुढून मागे एका रेषेत आणायला मात्र जाम डोकं खाल्लं त्याने, दोन महिने चेन कुरकुरत होती. पण डिस्क ब्रेकचा जोर सहन करायला बनलेली जागा आहे ती, माझ्या पायांना काय भीक घालतेय.

सरळमुद्दा
म्हणजे तू ब्रेकची जागा काढून तिथे कॉग लावलास. मी काही बोलत नाही.

चिल्लर_पार्टी
बरं ते चारशेवालं मी नाही करत. उलट्या आट्यांचं हब सेकंडहँड कुणाकडे असेल तर कळवा. आटे बघूनच घेईन.

अर्धीपेडल
पुन्हा अपडेट. ७.२ मिमीचा कॉग मिळाला, एक दुकानदार मी व्हर्नियर काढल्यावर माझ्याकडे असं बघत होता जणू मी सोनार आहे. तरी शनिवारी काकांकडे जाऊन आलो, वॉशर लागलं नाही पण त्यांनी लॉकरिंगच्या चपट्या खाचा कानशीने नीट करून दिल्या आणि वर चहा पाजला. पैसे घेतले नाहीत, व्हर्नियर परत केल्याचा पुरावा मागितला.

नेलपॉलिशची टेस्ट परत केली, यावेळी रंग गोल खरवडला गेला, पूर्ण वर्तुळ. रोटाफिक्स केलं, कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत चढलो, वरच लॉकरिंग परत आवळलं आणि खरंच, साधारण पाव इंच फिरलं ते!! मग कॉग आणि हब दोन्हींवरून आडवी एक लाल रेघ मारून ठेवली, नेलपॉलिशचीच. जरा जरी हललं तर रेघ तुटलेली दिसेल. आज बारावा दिवस, रेघ सरळ आहे, टक नाही.

फक्त ताईला अजून सांगितलं नाहीये बाटली कुठे गेली ते.